स्टॅम्प काँक्रीटचे स्वतंत्र कंत्राट घेताना दर कसा ठरवावा आणि साधने कोणती घ्यावीत?

आपण कोब्याची व फरसबंदीची कामे केली आहेत आणि आता स्टॅम्प काँक्रीटची, म्हणजे ओल्या काँक्रीटवर साचे दाबून दगडी फरशीसारखा नमुना उठवण्याची, कंत्राटे स्वतःच्या नावावर घेऊ इच्छिता, असे प्रश्नावरून दिसते. साधनांचे उत्तर थोडक्यात देतो: एकाच नमुन्याचे इतके साचे घ्या की ओतकामाच्या पूर्ण रुंदीत एक ओळ बसून वर दोन-तीन उरतील, आणि कडेसाठी एक लवचीक साचा ठेवा, बाकीचे नमुने काम मिळेल तसे भाड्याने आणावेत. दराकडे नंतर येतो, कारण माझ्या मते या धंद्यात पैसा दर चुकल्याने क्वचितच बुडतो. तो बुडतो जोडांची, म्हणजे आकुंचनाची भेग ठरल्या रेघेतच पडावी म्हणून काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवलेल्या खाचांची, जबाबदारी कोणाची हे कागदावर नसल्यामुळे.

माझ्याकडे एका मोठ्या अंगणाचे काम होते: जाडी १०० मिमी, रंग गडद राखाडी, मधोमध एक खांब. जाडीच्या २४ ते ३० पट अंतरावर, म्हणजे अडीच-तीन मीटरवर, जाडीच्या किमान चौथ्या हिश्श्याइतके खोल जोड मी आराखड्यात दाखवले होते आणि खांबाभोवती वेगळा चौकोन सोडला होता. वास्तुविशारदांनी त्या सर्व रेघा खोडल्या. सरळ रेघेमुळे दगडी फरशीचा भास मोडतो, आणि मिश्रणात धागे असताना जोडांची गरजच काय, असे त्यांचे म्हणणे होते. प्लास्टिकचे बारीक धागे काँक्रीट ओले असताना पडणाऱ्या केसासारख्या भेगा आवरतात. पुढे कित्येक महिने वाळताना होणारे आकुंचन त्यांना थोपवता येत नाही. हे मी लेखी कळवले, आणि जोड नमुन्याच्या खाचांमधूनच नेऊन बऱ्याच अंशी लपवता येतील असेही सुचवले. त्यावर उत्तर आले नाही, आले ते काम सुरू करण्याचे आदेश.

पुढे भेग पडली ती खांबाच्या कोपऱ्यातून तिरकी, जिथे ती पडणार हे कोणताही अनुभवी गवंडी सांगू शकला असता. मग बिल अडले आणि मी जागेवर पाणी वाढवल्याचा आरोप झाला. वस्तुतः रंगीत काँक्रीटमध्ये एका गाडीत जरी पाणी वाढवले तरी तेवढा पट्टा फिका पडतो, आणि ते अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकरंगी होते. सगळ्याच गाड्यांत वाढवले असते तर स्लम्पच्या, म्हणजे ओले काँक्रीट किती पातळ आहे हे मोजणाऱ्या चाचणीच्या, नोंदीत दिसले असते, आणि त्या नोंदींवर सही त्यांच्याच पर्यवेक्षकाची होती. बिल यथावकाश मिळाले. अनामत रक्कम अजून अडकलेली आहे.

म्हणून जोडांचा आराखडा करारालाच जोडावा, त्यावर सही घ्यावी आणि जो जोड खोडेल त्याच्याकडे भेगांची हमी राहील असे स्पष्ट लिहावे. अशा कलमाला नकार देणाऱ्याचे काम सोडून द्यावे, मग रक्कम कितीही मोठी असो. ज्याला भेग नको आणि जोडही नको, त्याला खरे तर काँक्रीटच नको असते.

दर क्षेत्रफळावर सांगितला तरी कडा, पायऱ्या आणि अडचणीच्या जागा वेगळ्या मोजाव्यात. आधी दाखवायचा नमुन्याचा तुकडा कामाच्याच सिमेंटने, त्याच कामगारांकडून, सीलर (वरचा संरक्षक लेप) लावून करावा आणि त्याचे पैसे घ्यावेत. दोन-तीन वर्षांनी सीलर पुन्हा लावणे हे निराळे काम आहे. ते मूळ दरात गुंडाळू नये.

सर्व वास्तुविशारद असे नसतात, हे मान्य आहे. जोड दिले म्हणजे भेग पडणारच नाही असेही नाही. खालचा भराव नीट दाबलेला नसेल किंवा जोडांची कापणी उशिरा झाली तर भेग जोड सोडूनही जाते. जुन्या काँक्रीटवर पातळ थर देण्याच्या कामाला मात्र वरचे अंतराचे गणित लागू नाही: तिथे खालचा प्रत्येक जोड वरच्या थरातही त्याच जागी उतरवावा लागतो.