वाचकांचे प्रश्न : नियमांचा गुंता आणि डिसिजन टेबल

प्रश्न : आम्ही गृहनिर्माण संस्थांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर करतो. जीएसटी, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट दुसऱ्याला वापरायला दिल्याबद्दलचा आकार), थकबाकीवरचं व्याज हे सगळे नियम एकात एक घुसलेल्या ‘इफ-एल्स’मध्ये (‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशा कोडमध्ये) आहेत. एक बदलला की भलतंच बिल चुकतं. डिसिजन टेबलने हे सुटेल का? सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : डिसिजन टेबल म्हणजे अटींची कोणती जोडी असेल तर निकाल काय, हे मांडलेला तक्ता. त्याने सुटेल, पण सगळ्या नियमांचा मिळून एकच तक्ता केलात तर नाही. हिशेब करून पाहा. फ्लॅटमध्ये कोण राहतं याचे चार पर्याय (सभासद स्वतः, कुटुंबीय, भाडेकरू, कुलूपबंद), उलाढालीचे दोन, वर्गणीचे दोन, थकबाकीचे दोन. एकाच तक्त्यात हे ४ × २ × २ × २ म्हणजे ३२ रकाने होतात. तीन वेगळे तक्ते केले तर नॉन-ऑक्युपन्सीचे ४ + जीएसटीचे ४ + व्याजाचे २ म्हणजे दहाच. म्हणून आधी निर्णय वेगळे काढा आणि प्रत्येक निर्णयातून नेमकं काय बाहेर पडतं ते एका ओळीत लिहा : ‘जीएसटी लागतो का’, ‘नॉन-ऑक्युपन्सी किती’, ‘व्याज लागतं का’. ही ओळ लिहिता येत नसेल तर तो निर्णय अजून सुटा झालेला नाही.

जीएसटीचा तक्ता सर्वांत सोपा, त्याच्यापासून सुरुवात करा. २२ जुलै २०१९ च्या केंद्रीय परिपत्रकात हा नियम तक्त्याच्याच रूपात दिलेला आहे : दोन अटी, चार जोड्या. त्याचं आटोपशीर रूप असं :

| | रकाना १ | रकाना २ | रकाना ३ |
|---|---|---|---|
| संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा जास्त? | नाही | हो | हो |
| सदनिकेची मासिक वर्गणी ७,५०० पेक्षा जास्त? | – | नाही | हो |
| जीएसटी | नाही | नाही | १८ टक्के |

आडवी रेघ म्हणजे ‘ही अट काहीही असो’. एका रेघेचा रकाना दोन जोड्या झाकतो, दोन रेघांचा चार. इथे २ + १ + १ = ४; दोन हो-नाही अटींच्या जोड्याही चारच, म्हणजे बेरीज जुळली. पण नुसत्या बेरजेवर विसंबू नका. एक जोडी दोनदा आली आणि एक सुटली तरी बेरीज चारच येते. म्हणून प्रत्येक दोन रकाने शेजारी धरून पाहा : निदान एका अटीत एकाकडे ‘हो’ आणि दुसऱ्याकडे ‘नाही’ असलंच पाहिजे. नसेल तर ते रकाने एकमेकांवर चढले आहेत.

मर्यादेचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. वर्गणी बरोबर ७,५०० असेल तर सूट आहे. कोडमध्ये ‘पेक्षा जास्त’ऐवजी ‘तितकी किंवा जास्त’ लिहिलं गेलं की नेमकं हेच बिल चुकतं. एका सभासदाचे दोन फ्लॅट असतील तर मर्यादा प्रत्येक फ्लॅटला वेगळी मोजायची. म्हणून तक्त्यात सभासदाची नव्हे, सदनिकेची वर्गणी जाते. मर्यादा ओलांडल्यावर कर पूर्ण रकमेवर की फक्त जादा रकमेवर, हा वादाचा मुद्दा आहे. २०१९ चं परिपत्रक पूर्ण रक्कम म्हणतं, मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फक्त जादा रक्कम म्हटलं. हे प्रोग्रॅमरने ठरवायचं नाही. ‘आकारणीचा पाया’ अशी वेगळी ओळ करा आणि तिच्यातली किंमत संस्थेच्या सीएकडून लेखी घ्या.

आता नॉन-ऑक्युपन्सी. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हा आकार सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि हे दहा टक्के काढताना मालमत्ता कर धरायचा नाही. सदनिकेत आदेशात नमूद केलेले जवळचे कुटुंबीय राहत असतील तर आकार शून्य. ‘इफ-एल्स’मध्ये हा नियम बहुधा ‘सभासद किंवा कुटुंबीय राहत असतील तर शून्य, नाहीतर दहा टक्के’ असा लिहिलेला सापडतो आणि कुलूपबंद फ्लॅट त्या ‘नाहीतर’मध्ये पडून त्याला विनाकारण आकार लागतो. हा आकार फ्लॅट दुसऱ्याला वापरायला दिल्याबद्दलचा आहे. तक्त्यात ‘कुलूपबंद’ला स्वतःचा रकाना द्यावाच लागतो, तिथे उत्तर काय लिहायचं असं कोणाला तरी विचारावं लागतं, आणि चूक कोड लिहिण्याआधी पकडली जाते. डिसिजन टेबलचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तो नियम चालवणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय, कागदावर मिळतो. संस्थेच्या मॅनेजरला कोड वाचता येत नाही, पण चार रकाने दाखवले की तो बोट ठेवून सांगतो, ‘हे चुकलंय.’

व्याजाचा तक्ता दोन रकान्यांचा : देय तारीख उलटली की नाही. दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला, सरळव्याजाने, नियमांतल्या कमाल मर्यादेच्या आत. चक्रवाढ लागत नसल्याची खात्री गणिताच्या कोडमध्ये करा, ती तक्त्यात बसत नाही.

प्रश्न : आमच्या तक्त्यात एकाच ग्राहकाला दोन नियम लागू पडतात. सध्या ‘पहिला जुळला की थांबा’ असं ठेवलं आहे. बरोबर आहे का?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : चालतं, पण धोक्याचं आहे. तक्त्यात एका ओळीत एक नियम असेल तर ‘पहिला जुळला’ या धोरणात ओळींचा क्रम हाही नियमाचाच भाग होतो आणि तो तक्त्यात कुठे लिहिलेला दिसत नाही. कोणी एक्सेलमध्ये अक्षरानुसार सॉर्ट केलं की एकही शब्द न बदलता निकाल बदलतो.

ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डीएमएन या डिसिजन टेबलच्या मानकात (पहिली आवृत्ती २०१५ ची) यासाठी हिट पॉलिसी, म्हणजे एकाहून जास्त नियम जुळले तर काय करायचं याची धोरणं, दिल्या आहेत. मूळ धोरण ‘युनिक’ : एका वेळी एकच नियम जुळला पाहिजे, दोन जुळले तर ती चूक. शक्य तिथे हेच ठेवा. चढलेले रकाने लगेच उघडे पडतात. ‘एनी’मध्ये दोन जुळले तरी चालतात, मात्र दोघांचं उत्तर एकच हवं. ‘कलेक्ट’मध्ये जुळलेल्या सगळ्या नियमांचे निकाल गोळा होतात आणि बेरीज, किमान, कमाल किंवा संख्या काढता येते, पार्किंग, क्लबहाऊस असे वेगवेगळे आकार एकत्र करायला तेच योग्य. सर्वसाधारण नियम आणि त्याचे अपवाद असतील तर ‘फर्स्ट’ऐवजी (तुमचं ‘पहिला जुळला’) ‘प्रायॉरिटी’ बघा : तिथे ओळींच्या नव्हे, निकालांच्या क्रमाने निवड होते आणि तो क्रम स्पष्ट लिहावा लागतो.

प्रश्न : नियम बिझनेस टीम एक्सेलमध्ये भरते, आम्ही ती फाइल ड्रूल्सला (नियम चालवणारं सॉफ्टवेअर) देतो. अधूनमधून एखादा नियम सगळ्यांनाच लागू होतो, एखादा कोणालाच होत नाही.
— एक वाचक, लोअर परळ

उत्तर : सगळ्यांना लागणाऱ्या नियमात रिकामा कोश (सेल) शोधा. ड्रूल्सच्या तक्त्यात रिकामा कोश म्हणजे ती अटच तपासायची नाही. भरणाऱ्याच्या मनात मात्र ‘नंतर भरू’ असतं. टीमला सांगा, मुद्दाम ‘काहीही’ म्हणायचं असेल तिथे आडवी रेघ द्या, रिकामं काही सोडू नका. फाइल ड्रूल्सकडे जाण्याआधी तुमच्या स्क्रिप्टने रिकामा कोश दिसला की ती परत पाठवावी आणि रेघांचं रूपांतर स्वतः करावं.

कोणालाच न लागणाऱ्या नियमात बहुतेक वेळा मजकूर जुळत नसतो. शेवटी चुकून राहिलेली स्पेस, ‘हो’ आणि ‘होय’, कोड क्रमांकाच्या सुरुवातीची उडालेली शून्यं, एक्सेलने तारीख समजून बदललेला मजकूर हे नेहमीचे. मराठी मजकुरात आणखी एक सापळा आहे : ‘भाडेकऱ्याकडे’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक सुटं अक्षर म्हणून किंवा ‘र’ला खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, नॉर्मलायझेशन (दोन्ही प्रकार एकाच रूपात आणणं) केलं नाही तर संगणकाला मात्र वेगळे. म्हणून अटींच्या कोशात मराठी वाक्यं नकोत, ठरावीक कोड ठेवा आणि ते एक्सेलच्या ड्रॉप-डाउन यादीतूनच निवडायला लावा. मराठी वर्णन शेजारच्या स्तंभात राहू द्या.

प्रश्न : अशा तक्त्यासाठी किती टेस्ट पुरेशा? नियम बदलल्यावर जुन्या बिलांचं काय?
— एक विद्यार्थिनी, बोरिवली

उत्तर : प्रत्येक रकान्याला एक टेस्ट ही किमान पायरी. रेघ असलेल्या रकान्याला दोन लिहा, रेघेच्या जागी एकदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’ धरून. नाहीतर त्या रेघेमागची चूक कधीच दिसणार नाही. आकड्यांच्या अटीला मर्यादेच्या दोन्ही बाजू घ्या : ७,४९९, ७,५०० आणि ७,५०१.

जुनी बिलं महत्त्वाची आहेत. जीएसटीतली सुटीची मर्यादा आधी ५,००० होती, २५ जानेवारी २०१८ पासून ती ७,५०० झाली. डिसेंबर २०१७ चं बिल आज पुन्हा काढायचं असेल तर ५,००० चाच तक्ता लागला पाहिजे. तेव्हा जुना तक्ता खोडू नका. प्रत्येक आवृत्तीला ‘या तारखेपासून लागू’ अशी तारीख द्या आणि बिलाच्या कालावधीवरून आवृत्ती निवडा, प्रोग्रॅम चालवल्याच्या तारखेवरून नव्हे. मर्यादा बदलते त्या दिवसाच्या आदल्या आणि त्याच दिवसाच्या बिलांची टेस्ट कायम ठेवा.

प्रश्न : प्रत्येक ठिकाणी तक्ता करावा का?
— एक वाचक, दादर

उत्तर : नाही. एकच अट असेल तर साधा ‘इफ’ जास्त वाचनीय. निकाल सूत्राने निघत असेल तर सूत्र लिहा. अर्ज आला, मंजूर झाला, पावती निघाली अशी पायऱ्यांची साखळी असेल तर तिला वर्कफ्लो (पायऱ्या क्रमाने चालवणारी मांडणी) हवा. तक्ता त्यातल्या ‘मंजूर करायचं का?’ एवढ्याच ठिकाणी बसवा. दोनपेक्षा जास्त अटी एकमेकींवर अवलंबून असतील आणि नियम ठरवणारी व्यक्ती प्रोग्रॅमर नसेल, तर मात्र तक्ता कराच.