कॅप्सूलनं विडीचं नुकसान भरून निघतं का?

प्रश्न : आमचे मालक ट्रकवर ड्रायव्हर आहेत. दिवसाला एक बंडल विडी लागते. कुणीतरी सांगितलं म्हणून आता अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल आणि आवळ्याचा रस चालू केलाय. ‘धुराचा निकाल त्यातच लागतो,’ म्हणतात. मी स्वतः विड्या वळते, त्यामुळं बोलायला गेले की मलाच ऐकवतात. खरं काय ते सांगा.
– एक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, विड्या वळणं हे तुमच्या पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळं नवऱ्याच्या छातीची काळजी करायचा तुमचा हक्क जात नाही.

मालकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. विडी काय, सिगारेट काय, एकेका झुरक्याबरोबर अब्जावधी फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, आत जातात. त्यांना अडवतात ती अँटिऑक्सिडंट. या कामात रक्तातलं क जीवनसत्त्व आधी खर्ची पडतं. झिजलेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा कामाला लावतं तेही हेच क, म्हणून ते कमी पडलं की दोन्हीकडून ओढाताण. यासाठीच अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2000 साली धूम्रपान करणाऱ्यांना रोज 35 मिलिग्रॅम क जास्त घ्यायला सांगितलं. तेवढं तर एका पेरूतही मिळतं. आवळा खुशाल चालू ठेवा. पण धुरातल्या चिकट डांबरातली (टार) कॅन्सरकारक रसायनं आणि रक्तातला ऑक्सिजन हिसकावणारा कार्बन मोनॉक्साइड आवळ्याला दाद देत नाहीत.

मला खरी धास्ती कॅप्सूलची वाटते. चिकोडी-संकेश्वरकडचे पेशंट पिशवीतून अशा डब्या काढून माझ्या टेबलावर ठेवतात. पुढं संत्र्याचं चित्र, मागं बारीक अक्षरांत ‘बीटा कॅरोटीन’, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारं अँटिऑक्सिडंट. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला, निष्कर्ष 1994 साली आले. रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला! अमेरिकेतला तसाच एक अभ्यास 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. तेव्हा डबी उलटी करून वाचा. हे नाव दिसलं तर आजपासून बंद. गाजर खायला मात्र काही हरकत नाही.

मालक घरात ओढत असतील तर तेही बंद करायला लावा. दुसऱ्याच्या धुरानंही मुलांच्या रक्तातलं क कमी होतं.

विडी सुटली की काही आठवड्यांतच क ची पातळी वर येऊ लागते, त्याला कॅप्सूल लागत नाही. सोडायला मदत हवी तर 1800-11-2356 हा सरकारी नंबर फुकट आहे. गाडी धाब्यावर लावली की मालकांना तिथूनच फोन करायला सांगा.