हापूसची कलमं सात वर्षांच्या करारावर द्यावीत का?

पावसजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मुलगी अडीच वर्षांची आहे. एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, पहिले दोन महिने नाकातल्या नळीने दूध घेत होती. अजून घट्ट काही गिळत नाही, ठसका लागतो. पेज, मिक्सरमधून काढलेला वरणभात आणि पावडर घातलेलं दूध, एवढंच. दिवसातून पाच वेळा भरवते, एका वेळेला पाऊण ते एक तास जातो. वजन साडेआठ किलो. महिन्यातून दोनदा कोल्हापूरला गिळण्याच्या थेरपीसाठी आणि वर्षातून तीनदा मुंबईला नेतो. पुढे पोटातून नळी घालावी लागेल असं डॉक्टर म्हणाले आहेत. मी पतसंस्थेत आहे, पगार १३,००० रुपये. यजमान मिरकरवाड्याला बोटींच्या इंजिनांचं काम करतात, सरासरी २२,००० रुपये सुटतात. दर महिन्याला ९,००० रुपये कमी पडतात. १,१०,००० रुपयांचं कर्ज झालं आहे, व्याज १४ टक्के. सासूबाईंच्या नावावर हापूसची पंचेचाळीस कलमं आहेत. एक व्यापारी सात वर्षांच्या करारावर साडेचार लाख रुपये रोख द्यायला तयार आहे, पण पंधरा दिवसांत उत्तर मागतो. ते पैसे घेऊन, नोकरी सोडून, मुलीला घेऊन कोल्हापूरला राहावं असं मनात आहे. बरोबर होईल का?"

ताई, तुमच्याकडे दिवस थोडे आहेत, म्हणून उत्तर आधी सांगतो. सात वर्षांचा करार करू नका. नोकरी आत्ता सोडू नका. कोल्हापूरला राहायला जा, पण महिनाभरासाठी.

व्यापाऱ्याला पंधरा दिवसांचीच घाई का, ते आधी पाहू. आत्ता जुलै चालू आहे. कल्टार घालायचा काळ साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. मुळाशी ओतलेलं हे औषध झाडाची पालवी रोखून त्याला मोहोराकडे वळवतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचं प्रमाण झाडाच्या विस्ताराप्रमाणे ठरवून दिलं आहे आणि त्या प्रमाणात, खतपाणी सांभाळून वापरलं तर ते उपयोगाचंच आहे. पण ज्याला सात वर्षांनी बाग परत द्यायची आहे, त्याला झाडाच्या आठव्या वर्षाची काळजी कशाला असेल? जास्त मात्रेचं कल्टार दरवर्षी घालून खंगलेली, शेंडे आखडलेली कलमं तुम्हीही आजूबाजूला पाहिली असतील. हा व्यापारी तसाच वागेल असं मी म्हणत नाही. पण तसा वागला, तर करारात तुमच्या हाती काहीच नाही.

आता रकमेचं. मागच्या चार हंगामांचे आकडे तुम्ही दिलेत ते बरं झालं. खर्च वजा जाता १,३५,०००, मग ८०,०००, मग १,५०,००० आणि यंदा ७५,०००. हापूस एक वर्षाआडच भरतो, त्यामुळे एका वर्षावर जाऊ नका. चार वर्षांची सरासरी १,१०,००० रुपये येते. सात वर्षांचे झाले ७,७०,०००, आणि त्याबदली आज मिळणार साडेचार लाख. हेच कर्ज म्हणून मांडलं तर व्याज वर्षाला साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणजे तुमच्या आत्ताच्या १४ टक्क्यांच्या कर्जाहूनही महाग. अवकाळी पावसाची आणि थ्रिप्स या किडीची जोखीम तो घेतोय, हे मान्य. तरी या दराने घर चालवायला पैसे उचलू नयेत असंच मी सांगेन. शिवाय सातबारा एकदा नीट बघा. आपल्याकडे तो क्वचितच एकट्याच्या नावावर असतो. चुलत्यांची नावं असतील तर सासूबाईंच्या एकटीच्या सहीने पुढे भांडणं उभी राहतील.

आता ज्या हिशेबामुळे मी खरा थांबलो, तो कोल्हापूरच्या फेरीचा. तुमच्याच आकड्यांवरून एक फेरी मांडली. आंबा घाटातून जाऊन येऊन गाडीभाडं ४,२००. डॉक्टर आणि थेरपी मिळून ९००. खाणंपिणं ३००. तुमचा कापला जाणारा दिवस ५००, यजमानांचा बुडणारा ८००. एकूण ६,७०० रुपये. त्यातले उपचाराचे फक्त ९००! बाकी सगळं रस्त्यात जातं. महिन्याच्या दोन फेऱ्यांचे १३,४०० होतात आणि तुमचा पगार १३,००० आहे. महिनाभर राबून मिळवता ते घाट चढण्या-उतरण्यात संपतं. दमायला होतं असं तुम्ही लिहिलंत, ते का, हे यात दिसतं.

म्हणून कपात करायची ती प्रवासात. थेरपीला हात लावायचा नाही. पुढच्या वेळी थेरपिस्टना सरळ विचारा: दोनातली एक भेट व्हिडिओ कॉलवर होईल का? तुम्ही भरवत असताना समोर मोबाइल ठेवायचा. मान कशी धरली आहे, चमचा कुठून जातोय, ठसका केव्हा लागतोय, हे त्यांना घरातल्या खुर्चीवर, घरातल्या पेजेवर दिसेल. त्या नाही म्हणाल्या तर त्यांचं ऐका. गिळण्यात चूक झाली तर अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो, त्यापुढे ६,७०० रुपये काहीच नाहीत. हो म्हणाल्या तर महिन्याला एक फेरी वाचेल. एसटीने जा, असं मात्र मी सांगणार नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, तुम्हाला अर्धं तिकीट आहे, सगळं खरं. पण घाटातल्या वळणांवर या मुलीला उलटी झाली आणि गाडी थांबवता आली नाही, तर तो धोका वाचलेल्या भाड्यापेक्षा फार मोठा आहे. गाडीच करा.

रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. वाढ मागे पडलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची त्यात सोय आहे. अंगणवाडीत या कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं, पण तुम्ही त्याची वाट बघू नका. अंगणवाडीताईंना सांगून फाइल घेऊन स्वतः जा. तिथे गिळण्याची थेरपी देणारं कुणी असेल तर उत्तमच. नसेल तरी वजन-उंचीची नोंद आणि साध्या तपासण्या इथेच होतील.

माझ्या बहिणीचा मुलगा पहिली दीड-दोन वर्षं असाच होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोज किती मिलिलीटर पोटात गेलं ते लिहायची, आणि आकडा कमी असला की जेवायची नाही. तेव्हा आम्ही सगळे तिला पैशांचं विचारत होतो. तिच्या हातातला चमचा तासभर दुसऱ्या कुणी घ्यावा, हे कुणाला सुचलं नाही. त्याची मला आजही बोचणी आहे. तुम्ही दिवसाचे चार-पाच तास भरवण्यात घालवता, आणि तुम्ही कामावर असताना अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. नोकरी सोडावीशी वाटते त्यामागे हेच आहे, आणि ते अगदी योग्य वाटणं आहे. तरीही राजीनामा आत्ता नको. नळीचा निर्णय व्हायचा आहे, आणि तुम्हाला सलग रजा लागणार आहे ती तेव्हा. नोकरी सोडून बसलात तर रजाही नाही, पगारही नाही. संस्थेत बोलून बघा. दुपारी दोनपर्यंतचं काम मिळालं, पगार नऊ हजारांवर आला, तरी मी ते घेईन.

कोल्हापूरला घर केलंत तर दोन चुली होतील. भाडं ७,०००, तुमचा पगार बंद, यजमान इथे एकटे, आणि मुलीला आजीचा सहवास नाही. त्यापेक्षा गणपती झाल्यावर तीन-चार आठवडे एक खोली घ्या आणि थेरपिस्टना आठवड्याला तीन बैठका देता येतील का ते विचारा. बिनपगारी रजा, भाडं, जेवण, थेरपी धरून तीस-पस्तीस हजार लागतील. गणपतीनंतर म्हणतो त्याला कारण आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि यजमानांना वर्षातलं सगळ्यात जास्त काम तेव्हाच मिळतं. ते दिवस बुडवू नका. मोहोराच्या फवारण्या सुरू होण्याआधी मधे मोकळी जागा आहे, ती वापरा. पुढच्या वर्षी मुंबईच्या तारखा घेतानाही जून-जुलै टाळा, आणि पोटाचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ एकाच फेरीत बघतील असं आधी फोन करून ठरवा.

नळीच्या शस्त्रक्रियेबद्दल दोन गोष्टी. एक पैशाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, आणि संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत. तुमची शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही. ओपीडी, प्रवास आणि दुधाची पावडर यात येत नाही. नंतरच्या सिरिंजा, पावडर आणि ठरावीक काळाने बदलावी लागणारी नळी, यांसाठी चाळीस-पन्नास हजार बाजूला हवेत. दुसरी गोष्ट पैशाची नाही, तरी लिहितो. पोटातून नळी घातली म्हणजे आई हरली असं नसतं. वजन वाढतं, तासतासभराची झटापट कमी होते आणि तोंडाने खायला शिकवणं चालूच राहतं. तुमच्या पत्रात त्या वाक्यापाशी शाई पसरली आहे, म्हणून सांगितलं.

आता पैसे कुठून आणायचे. सुकन्या समृद्धी खात्यात महिन्याला ३,००० रुपये भरता. ते थांबवा. वर्षाला किमान २५० रुपये भरले की खातं चालू राहतं. लेकीच्या नावाचे पैसे थांबवले म्हणून मनाला लागेल, पण त्यातले निम्म्यापर्यंतच पैसे, तेही ती दहावी किंवा अठरा वर्षांची झाल्यावर, शिक्षणासाठी मिळणार, आणि तिला गरज आत्ता आहे. एक फेरी वाचली तर ६,७००, सुकन्याचे ३,०००, मिळून ९,७००. तुम्हाला ९,००० कमी पडतात.

१४ टक्क्यांचं कर्ज फेडायला घरातल्या सोन्यातलं थोडं राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवा. तिथे व्याज साधारण नऊ-दहा टक्के पडतं. सगळं सोनं ठेवू नका, नळीच्या वेळी काहीतरी हाताशी हवं. आणि कलमांच्या खत-फवारणीचा खर्च तुम्ही पगारातून करता, ते का? त्यासाठी किसान क्रेडिट कार्डावर पीककर्ज घ्या. ३ लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनंतर ४ टक्केच पडतं. ते कलमांवरच खर्च करायचं, दवाखान्यात नाही, कारण मेमध्ये आंबा विकून फेडता आलं तरच ही सवलत.

बाग करारावर द्यायचीच असेल, कारण यंदा फवारण्यांना तुम्हा दोघांना वेळ नाही, तर एकाच हंगामाची द्या. तीही डिसेंबर-जानेवारीत, मोहोर बघून. तेव्हा सौदा तुमच्या बाजूने होतो. निम्मी रक्कम आगाऊ, आणि कल्टार घालायचं नाही हे स्टॅम्पपेपरवर. ती आगाऊ रक्कम नळीच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात टाका.

विम्याचं थोडक्यात. एजंटने दाखवलेली मुलांची पॉलिसी घेऊ नका. यजमानांचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, नाही, तो आधी काढा, कारण त्यांच्या कमाईवरच सगळं उभं आहे. आरोग्य विमा घेताना मुलीचा जन्म आणि आजार पूर्ण लिहा. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पण लपवलंत तर दावाच फेटाळला जाईल. स्नायूंचा ताण कमी असल्याचं डॉक्टरांनी म्हटलं आहे. त्यातून पुढे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसण्याचं निदान झालं, तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत नाव घाला. तिचं संरक्षण १ लाख रुपयांचं आहे आणि त्यात ओपीडी आणि थेरपीसुद्धा येते. दुसऱ्या विम्यांत हे क्वचितच मिळतं. निदान नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

व्यापाऱ्याला या आठवड्यातच नाही म्हणून कळवा, म्हणजे कुणी परस्पर कल्टार ओतायला येणार नाही. मग थेरपिस्टना व्हिडिओचं विचारा, आणि कोल्हापूरच्या पुढच्या फेरीत सासूबाईंनाही घेऊन जा. दुपारचं भरवणं त्यांनी तिथे समोर बसून शिकून घेतलं, तर मुलीचा तो एक घास तरी त्यांच्या हातून निर्धास्त जाईल. थेरपिस्ट काय म्हणाल्या ते मला कळवा. एक फेरी कमी होणार नसेल, तर ६,७०० रुपयांचा हिशेब आपण पुन्हा मांडू.