कर्करोगाच्या पेशीतलं प्रोटीन कॉम्प्लेक्स (एकत्र काम करणाऱ्या प्रोटीनांचा गट) बंद पाडायला त्यातला एकच सबयुनिट, म्हणजे एकच घटक प्रोटीन, नॉकडाउन केला (पेशीत त्याचं बनणं घटवलं) तर चालेल का? की त्याचं काम अडवणारं औषध, म्हणजे इनहिबिटर, बरा?

चालेल. कॉम्प्लेक्स बंद पडेलही. पण मग 'अमुक प्रोटीन गेल्यामुळे पेशींची वाढ थांबली' असं छातीठोकपणे लिहू नका. इनहिबिटरकडे येते, पण आधी हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी मालवणची. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पीआरसी-2 वर, म्हणजे हिस्टोनवर मिथाइल चढवून जीन बंद ठेवणाऱ्या कॉम्प्लेक्सवर, काम करत होते. ईझेडएच-2 (मिथाइल चढवणारं एन्झाइम), ईईडी, सूझ-12 ही तीन प्रोटीनं हा त्याचा गाभा. मी एसआय-आरएनए, म्हणजे ठरावीक जीनचा संदेश नष्ट करणारा छोटा आरएनए, वापरून सूझ-12 नॉकडाउन केला. ब्लॉटवर (प्रत्येक प्रोटीन अँटिबॉडीने पट्टीसारखं दाखवणारी चाचणी) सूझ-12 ची पट्टी गेली आणि तिच्याबरोबर ईझेडएच-2 चीही. नमुने सारखे भरलेत का हे ज्यावरून बघतात ते ॲक्टिन प्रोटीन सगळ्या लेनमध्ये सारखं. आमच्या गाइडनी फिल्म बघितली आणि भर लॅब मीटिंगमध्ये म्हणाले, "लोडिंग चुकलंय, नाहीतर तुझा एसआय-आरएनए ऑफ-टार्गेट आहे." म्हणजे तो भलत्याच जीनवर बसतोय.

तीनदा परत केलं. दुसऱ्या जागी बसणारा एसआय-आरएनए मागवला, अँटिबॉडी बदलली. एमआरएनए (जीनवरून निघणारा प्रोटीनचा संदेश) मोजणाऱ्या क्यूपीसीआर चाचणीत ईझेडएच-2 चा एमआरएनए जसाच्या तसा. म्हणजे जीन चालू आहे, प्रोटीन मात्र टिकत नाही. तरीही ती आकृती थीसिसच्या मसुद्यातून काढायला लावली. त्या रात्री हॉस्टेलवर मी खूप रडले.

गणपतीला घरी गेले तेव्हा बाबांनी पडवीत बसवून विचारलं. त्यांची उलांडीची होडी (उलांडी म्हणजे तोल राहावा म्हणून होडीला बाजूने बांधलेलं लाकूड), आयुष्य रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात, गेलेलं. जमेल तसं सांगितलं: एक भाग काढला तर दुसराही नाहीसा होतो, आणि सर म्हणतात माझीच चूक. बाबा म्हणाले, "गो, उलांडी सुटली तर होडी उलटतलीच. त्येत होडयेचो काय दोष?" उलटलेली होडी लाटा खडकावर आपटून फोडतात. पेशीत जोडीदार सुटलेल्या प्रोटीनचं पुष्कळदा तेच होतं, आणि ते फोडायचं काम प्रोटिआझोम, पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र, करतं. मालवणहून परत आल्यावर शोधलं तर उंदरांमध्ये सूझ-12 नसेल तर गर्भ जगत नाही आणि ईझेडएच-2 ही टिकत नाही, हे 2004 मध्येच छापून आलेलं होतं. आमच्या मीटिंगमध्ये ते कुणीही वाचलेलं नव्हतं. मीही नाही, याचं वाईट मला आजही वाटतं.

आता इनहिबिटर. टॅझेमेटोस्टॅट घ्या, 2020 मध्ये अमेरिकेत एपिथेलिऑइड सार्कोमा या दुर्मिळ कॅन्सरसाठी मंजूर झालेलं. ते ईझेडएच-2 चं मिथाइल चढवण्याचं काम अडवतं. प्रोटीन जागेवरच राहतं आणि कॉम्प्लेक्सही. नॉकडाउनमध्ये सगळा सांगाडाच ढासळतो. एसडब्ल्यूआय/एसएनएफ हे डीएनएची गुंडाळी सैल करणारं दुसरं कॉम्प्लेक्स बिघडलेल्या काही कॅन्सर पेशींना ईझेडएच-2 च्या एन्झाइमपेक्षा त्याने कॉम्प्लेक्स सांभाळून धरणं जास्त लागतं, हे 2015 मध्ये दाखवलं गेलं. तिथे दोन पद्धतींचे निकाल जुळले नाहीत तर प्रयोग फसला असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. ती न जुळणारी जागाच तुमचा शोध असू शकते.

म्हणून दोन्ही करा, आणि रेस्क्यू, म्हणजे काढलेलं प्रोटीन परत घालून परिणाम जातो का ते बघणं, कराच. ईझेडएच-2 नॉकडाउन केला असेल तर एसआय-आरएनए ज्याला ओळखणार नाही असा ईझेडएच-2 परत घाला, एकदा चांगला आणि एकदा एन्झाइम मारलेला. वेळ नाही म्हणून रेस्क्यू टाळायला सांगणारा गाइड तुमची दोन वर्षं वाया घालवतोय, हे मी लिहून देते. प्रोटॅकचा, म्हणजे हवं ते प्रोटीन प्रोटिआझोमकडे पाठवणाऱ्या रेणूंचा, मार्गही आहे, 2001 पासूनचा. काही तासांत प्रोटीन उतरतं. पण डोस फार वाढवला तर परिणाम उलट कमी होतो, त्यामुळे डोसची पूर्ण मालिका लावा.

हे सगळ्याच कॉम्प्लेक्सना लागू नाही. काही सबयुनिट एकटेही तग धरतात. शिवाय एसआय-आरएनएला 48 ते 72 तास लागतात, तेवढ्यात पेशी मरायला लागल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. तुम्ही रत्नागिरीहून लिहिताय म्हणून आणखी एक: पावसाळ्यात लाईट गेली की फ्रीझरचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, अँटिबॉडी छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. आणि मीटिंगला जाताना फक्त टार्गेटचा नाही, कॉम्प्लेक्समधल्या प्रत्येक सबयुनिटचा ब्लॉट आणि एमआरएनएचे आकडे एकाच पानावर घेऊन जा.