बाटलीतलं फॉस्फेट नेमकं कोणतं?

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एलायझात (प्रतिपिंडांच्या मदतीने करायची चाचणी) टीएमबी हा रंग देणारा पदार्थ घालण्यासाठी पीएच ५.० चं सायट्रेट-फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) करायचं होतं. ०.२ मोलर (लिटरला ०.२ मोल) डायसोडियम फॉस्फेट २५.७ मिलि, ०.१ मोलर सायट्रिक ॲसिड २४.३ मिलि आणि पाणी ५० मिलि असं घेतलं. पीएच जेमतेम ३.५ आला. मीटर दोनदा कॅलिब्रेट केला, तरी तेच. शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड टाकून ५.० वर आणलं. चालेल ना? फॉस्फेट लिटरला २८.४ ग्रॅम घेतलं होतं. (विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : २८.४ हा आकडा लिहिलास हे फार बरं केलंस. त्याच्याशिवाय मी मीटरलाच दोष देत बसले असते. २८.४ ग्रॅम हे अनहायड्रस, म्हणजे बिनपाण्याच्या फॉस्फेटचं वजन आहे. त्याचा रेणुभार १४१.९६, म्हणून ०.२ मोलरला २८.३९. आता उठून बाटलीचं लेबल वाच. तिथे बहुधा डोडेकाहायड्रेट लिहिलेलं असेल. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे बारा रेणू असतात, रेणुभार ३५८.१४ होतो आणि लिटरला ७१.६३ ग्रॅम घ्यावे लागतात. तू घेतलेल्या २८.४ ग्रॅममध्ये फॉस्फेट जेमतेम सव्वाअकरा ग्रॅम, बाकीचं सगळं पाणी. द्रावण ०.२ च्या जागी ०.०८ मोलर झालं आणि आम्ल मात्र पुरेपूर पडलं. कोणत्या पीएचला ही दोन द्रावणं किती घ्यायची ते सांगणाऱ्या तक्त्यात या प्रमाणाला पीएच ३.५ च्या जवळपासच येतो. तुझा मीटर खरं बोलत होता. (लेबलवर डायहायड्रेट असतं तर ३५.६ ग्रॅम लागले असते, पण तेवढ्या फरकाने पीएच इतका खाली गेला नसता.)

हा तक्ता मॅकिल्व्हेन यांचा, १९२१ सालचा. पीएच २.२ ते ८.० अशी लांब पट्टी दोनच स्टॉकमधून (आधी करून ठेवलेल्या मूळ द्रावणांतून) मिळते, ती सायट्रिक ॲसिडच्या ३.१, ४.८, ६.४ आणि फॉस्फेटच्या ७.२ या पीकेए (ज्या पीएचच्या आसपास आम्ल बफरचं काम करतं ते आकडे) एकापाठोपाठ येतात म्हणून. तेव्हा टेबलावर आजच्यासारखा मीटर नव्हता. इंडिकेटरचा (पीएचनुसार रंग बदलणाऱ्या पदार्थाचा) रंग शेजारच्या, पीएच माहीत असलेल्या नळीशी ताडून पीएच ओळखायचा, आणि त्या शेजारच्या नळीसाठीच हे मिश्रण. म्हणजे सगळा भरवसा वजनावर. मला हा तक्ता म्हणूनच आवडतो. वजन चुकलं की तो लगेच सांगतो.

सोडियम हायड्रॉक्साइड घालून चालेल का? मी म्हणेन, नाही. पीएच ५ ला तो स्थिर ठेवण्याचा खरा भार सायट्रेटच उचलतं, त्यामुळे तुझी आजची प्लेट कदाचित व्यवस्थित निळी होईलही. पण फॉस्फेटच्या त्या बाटलीवर तू ‘०.२ मोलर’ असं लिहून ठेवलं आहेस. पुढच्या महिन्यात कुणी त्याच स्टॉकमधून पीएच ७ चं बफर करेल, तिथे भार फॉस्फेटवर असतो, आणि त्या पोराचे आठ दिवस वाया जातील. बेसिनमध्ये ओत आणि नव्याने कर. थोडी चूक असेल तर अर्धा-एक थेंब आम्ल-अल्कली चालते. दीड पीएचची चूक थेंबांनी झाकायची नसते.

लेबल बरोबर असूनही घोटाळा होतो, तो मी कोल्हापूरला शिकवत असताना पाहिला. मे महिन्यात डोडेकाहायड्रेटची बाटली खिडकीच्या फळीवर, झाकण सैल राहिलेलं. जूनमध्ये मुलांनी नीट ७१.६३ ग्रॅम तोललं तरी पीएच प्रत्येक वेळी वर. आमच्या लॅबचे मामा बाटली उजेडात तिरकी धरून म्हणाले, “मॅडम, खडीसाखरेचं पीठ झालंय.” खरंच, तळाशी काचेसारखे खडे होते आणि वर पांढरी भुकटी. उन्हाने स्फटिकातलं पाणी उडून गेलं होतं, म्हणून तेवढ्याच वजनात फॉस्फेट जास्त. त्यानंतर मी मागणीपत्रावर अनहायड्रसच लिहिलं. तेही हवेतला ओलावा धरतं, म्हणून ११० अंशांवर दोन तास तापवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करायचं. विरघळवताना आधी पाणी ढवळायला लावून मग पूड थोडी थोडी सोडायची. एकदम ओतलीस तर तळाला दगडासारखी ढेप बसते.

सायट्रिक ॲसिडचंही लेबल वाच. मोनोहायड्रेट लिटरला २१.०१ ग्रॅम, अनहायड्रस १९.२१. फरक थोडा असतो, म्हणूनच तो कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : आमचा फॉस्फेटचा स्टॉक फ्रिजमध्ये ठेवला की तळाशी खडे जमतात, आणि तयार बफरमध्ये पंधरा दिवसांत कापसासारखे तंतू दिसतात. बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइड घालू का? (लॅब टेक्निशियन, रत्नागिरी)

उत्तर : खडे फॉस्फेटचेच. थंडीत त्याची विद्राव्यता फार घटते आणि ०.२ मोलर तिथे मावत नाही. कोमट करून सगळे खडे विरघळल्याशिवाय वरचं द्रावण पिपेटमध्ये घेऊ नका, ते पातळ झालेलं असतं. हा स्टॉक बाहेरच ठेवा. तंतू बुरशीचे आहेत, सायट्रेट हे तिचं अन्न. पण तुमच्याकडे पेरॉक्सिडेजचं (एलायझात रंग आणणाऱ्या एन्झाइमचं) काम असेल तर अझाइड अजिबात नको, ते त्याच एन्झाइमला अडवतं. दोन्ही स्टॉक वेगळे ठेवा, आठवड्यापुरतंच मिसळा, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी वापरायच्या वेळी घाला.

प्रश्न : अल्फा-अमायलेजची (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमची) क्रिया या सायट्रेट-फॉस्फेट बफरमध्ये फार कमी मिळते. एन्झाइम खराब झालं असेल का? (प्राध्यापक, सांगली)

उत्तर : एन्झाइम टाकून देऊ नका. अल्फा-अमायलेजला टिकून राहायला कॅल्शियम लागतं आणि सायट्रेट ते पकडून ठेवतं. वरून कॅल्शियम क्लोराइड घालाल तर फॉस्फेट त्याला घेऊन तळाशी बसू शकतं, द्रावण दुधाळ दिसेल. बुरशीचं अमायलेज असेल तर पीएच ५ चं ॲसिटेट बफर घ्या, त्यात थोडं कॅल्शियम घाला, आणि त्याच एन्झाइमची क्रिया दोन्ही बफरमध्ये शेजारी शेजारी मोजा.