व्हेनिसमध्ये दोन दिवस फिरायला वापोरेत्तोचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटींचा, पास घ्यावा की पायीच फिरावं? सोबत आई-बाबा आहेत.

आई-बाबा सोबत आहेत ना? मग पायी फिरायचं डोक्यातून काढून टाका.

२०२३ मध्ये आम्ही चौघं गेलो होतो: आई, दादा, वहिनी आणि मी. मुक्काम मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या अलीकडे मुख्य भूमीवर. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच ग्रँड कॅनॉल आणि बोटीचा धक्का. तिकीट माणशी साडेनऊ युरो. दादानं लगेच हिशेब केला, ‘दोन किलोमीटरला ३८ युरो? सान मार्कोचा चौक अर्ध्या तासावर आहे, गप्पा मारत पोचू.’

नकाशावर त्याचं बरोबरच होतं. नकाशात पायऱ्या दिसत नाहीत. या शहरात चारशेच्या वर पूल आहेत, आणि खालून बोटी जायच्या म्हणून बहुतेक पूल चढून उतरावे लागतात. वाटेतला पहिलाच मोठा पूल, गुल्ये, आईनं कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ओलांडला. दादा विचारायचा, ‘आई, जमतंय ना?’ ती म्हणायची, ‘हो रे.’ दुसरं काय म्हणणार? मुलाचे पैसे वाचतायत म्हटल्यावर तिनं आजवर कशाला नाही म्हटलंय? स्ट्राडा नोव्हा हा रस्ता सपाट आहे, तिथं जरा बरं गेलं, मग पुन्हा पूल. सान मार्को गाठायला पावणेदोन तास लागले. गुडघा असा सुजला की तिथल्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, रांगेत उभंही राहवेना. आतलं सोनेरी मोझेइक बघायलाच तर ती एवढ्या लांब आली होती.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता आईचं आणि माझं तिकीट काढलं. १ नंबरची बोट जवळजवळ प्रत्येक धक्क्याला थांबत जाते, सान मार्कोला पाऊण तास धरा. का दोरोचा महाल मागे पडला तशी आई म्हणाली, ‘अगं, यांची पुढची दारं तर पाण्याकडे आहेत. काल आपण सगळ्यांच्या परसदारानंच हिंडलो की!’

दादा अजून म्हणतो, ‘आईच म्हणाली होती, चालते म्हणून.’ म्हणून सांगते, आई-वडिलांना विचारत बसू नका. तिकीट काढून हातात द्या.

पासचं म्हणाल तर तेव्हा ४८ तासांचा ३५ युरोला होता, म्हणजे चार फेऱ्यांत वसूल. मुरानो-बुरानो ही बेटं करणार असाल तर घ्याच. दर वेळी चढण्याआधी तो धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचा, विसरलात तर दंड. दर आता वाढले असतील, बघून घ्या. आणि हो, तुमच्या आई-बाबांचे गुडघे धड असतील तर गल्ल्या पायीच बघाव्यात, त्याबद्दल माझा वाद नाही. रिआल्तो पूल आणि सान मार्कोकडे जाणाऱ्या पिवळ्या पाट्या भिंतींवर जागोजागी आहेत. मुक्काम व्हेनिसमध्येच करणार असाल तर हॉटेल ठरवण्याआधी विचारून घ्या, धक्क्यापासून त्यांच्या दारापर्यंत किती पूल लागतात.