औषध टाकूनही बागेतले उंदीर हटत नाहीत, आता काय करावे?

तुम्ही लिहिलंय की फळबागेत आणि लगतच्या शेतात झिंक फॉस्फाईडचं आमिष टाकलं, सुरुवातीला बरेच उंदीर मेले, पण आता आमिष तसंच पडून राहतंय आणि बिळं वाढतच चालली आहेत. यात औषध बोगस असेलच असं नाही. उंदीर अनोळखी खाणं आधी जरासं चाखून बघतो. झिंक फॉस्फाईडचा असर काही तासांत होतो, त्यामुळे कमी खाल्लेला उंदीर आजारी पडतो, पण वाचतो. मग तो त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस तेल चोळलेलं तेच धान्य विषाशिवाय ठेवायचं असतं. चटावल्यावर ९६ भाग भरडधान्य, २ भाग तेल आणि २ भाग झिंक फॉस्फाईड असं आमिष द्यायचं.

तुमच्याकडचे उरलेले उंदीर आता बिचकलेले आहेत. त्यांना काही महिने हे औषध पुन्हा देऊ नका. त्याऐवजी ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनचं तयार आमिष वापरा. त्याने रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे कशाने बाधलं हे बाकीच्यांना उमगत नाही.

पण औषधापेक्षा मी जास्त भर देईन तो चालू बिळं ओळखण्यावर. संध्याकाळी शेतातली आणि बांधावरची सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. तिथे खुणेची काडी रोवा आणि आमिषाची पुडी आत खोलवर सरकवा. चालू बिळाच्या तोंडाशी माती भुसभुशीत, ओलसर असते आणि कडा ये-जा करून गुळगुळीत झालेली असते. सोडून दिलेल्या बिळावर कोळ्याचं जाळं किंवा पालापाचोळा दिसतो. घुशीचं मात्र वेगळं आहे. ती आतून माती लोटून तोंड बंद करते, म्हणून तिथे भोक न शोधता ताज्या मातीचा ढीग शोधा.

उंदीर परत का येतात? मादी साधारण तीन आठवडे गाभण असते, एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात आणि तीही तीनेक महिन्यांत वयात येतात. शिवाय तुमची रिकामी झालेली बिळं शेजारच्या शेतातले उंदीर बळकावतात. एकट्याने केलेली मोहीम टिकत नाही ती यामुळेच. लागून असलेल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात काम करायला हवं, तेही पीक निघाल्यावर आणि पुढचं उभं राहण्याआधी. तेव्हा शेतात खायला कमी असतं आणि आमिष लगेच उचललं जातं. दाणे भरलेले असताना तुमच्या पुडीकडे कोण बघणार?

बागेत बुंध्याभोवतीचं आच्छादन हातभर मागे घ्या. त्याच्या आडोशाने उंदीर साल कुरतडतात आणि ठिबकच्या नळ्याही फोडतात. रुंद बांध तासून अरुंद करा, तण काढा. नारळासारख्या झाडाला जमिनीपासून दोन मीटरवर ४० सेंटीमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. फक्त झावळ्या शेजारच्या झाडाला टेकत नाहीत ना, ते पाहा.

गव्हाणी घुबडाला जागा द्या, हे मी कळकळीने सांगतो. मलेशियात तेलताडाच्या बागांमध्ये त्यांच्यासाठी मुद्दाम घरटी बसवतात. पण ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर ते विष त्याच्याही अंगात उतरतं. घुबड विणीला बसलं असेल तर पिंजरे आणि सापळेच लावा. धामण दिसली तर मारू नका.

कुंपणात वीज सोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात माणसं मरतात. झिंक फॉस्फाईड ओलाव्याने विषारी वायू सोडतं आणि त्यावर उतारा नाही, म्हणून ते हातमोजे घालून, घराबाहेर, काडीने कालवा. ब्रोमॅडिओलोन चुकून कुणाच्या पोटात गेलं तर ताबडतोब दवाखाना गाठा, वेष्टन सोबत न्या. त्यावर के-१ जीवनसत्त्व देतात. मेलेले उंदीर उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा.

पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा सगळी बिळं बुजवा आणि सकाळी उकरलेली मोजा. जिथे काही उकरलेली सापडतील, तिथेच पुढची पुडी टाका.